तलावाची दुसरी वाट

३ जून २०२२ रोजी आमच्या मच्छीमार संस्थेने गावतलावाच्या सांडव्यावर लोखंडी जाळी बसवली. खर्च वेल्डरच्या मजुरीसह १८,६४० रुपये. संस्थेचा सचिव म्हणून तो ठराव मीच लिहिला. माझ्या निवृत्तीला आता सात महिने आहेत. इतक्या वर्षांच्या ठरावांपैकी हाच एक मला शब्दशः पाठ आहे.

विरोध एकाच सभासदाचा होता, वारलूभाऊंचा. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि त्याच्याबरोबर मासेही जातात. म्हणून दरवर्षी पावसाआधी वारलूभाऊ संस्थेकडून मजुरी घेऊन सांडव्यापुढे बांबूची ताटी विणून उभी करत आणि पळसाच्या मुळीच्या दोराने बांधत. आदल्या वर्षी तो दोर तुटला, ताटी वाहून गेली आणि अर्धे मासे गेले. तेव्हा सगळ्यांनी लोखंडाचा आग्रह धरला.

सभेत वारलूभाऊ म्हणाले, "पाण्यानं जोर केला तं ताटी सरकते. लोखंड कुठी सरकते?"

"ताटीचे पैसे बुडून राह्यले म्हणून तुले लोखंड टोचते, भाऊ," अध्यक्ष लहानू म्हणाले. सभा हसली. वारलूभाऊही हसले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसले.

ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. शाळा चौथीपर्यंत. तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध; तिच्याखालच्या टोलीत, त्या छोट्या वस्तीत, पहिलं घर त्यांचंच. पत्नी कमळाबाई सिंदेवाहीच्या बाजारात मासे विकतात. वारलूभाऊ रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून अनवाणी फिरायचे. माती कुठे ओली, कुठे मऊ, ते त्यांना तळपायाला कळायचं. खेकड्यांनी पाळीत बिळं केली की त्यातून पाणी पाझरतं आणि पाळ आतून पोकळ होते, म्हणून ते चिकणमातीचे गोळे करून बिळं बुजवायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक रीत त्यांच्या घरी होती. पाळ जंगलाला जिथे भिडते तिथे चाळीस हात लांबीची एक बसकी जागा आहे. ती कुणी नांगरत नाही, तिच्यावर कुणी झोपडी घालत नाही. आखाडीच्या दिवशी, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, वारलूभाऊ तिथलं गवत खरवडायचे, रोपटी उपटायचे आणि नारळ फोडायचे. मी ती देवाची जागा समजत होतो. त्या वर्षी आखाडी १३ जुलैला आली. पाऊस थांबत नव्हता. तरी ते गेले. कमळाबाई छत्री धरून उभ्या होत्या आणि सगळा वेळ त्यांना रागावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पाळीवर पोहोचलो. पावसाचा पाचवा दिवस. बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या, सागाची पानं, प्लास्टिक, सारं जाळीत ठासून भरलं होतं आणि सांडवा भिंतीसारखा बंद झाला होता. जाळीचे नट पाण्याखाली, त्यामुळे ती काढता येईना. चार जण आकड्याच्या बांबूंनी कचरा ओढत होते. ओढला त्याहून अधिक येऊन अडकत होता. पाणी पाळीच्या माथ्यापासून अर्धा हातच खाली होतं. टोलीत त्रेचाळीस घरं. बायका मुलांना घेऊन शाळेकडे निघाल्या होत्या. नाल्याला पूर असल्याने जेसीबी येणार नव्हता.

वारलूभाऊ कुदळ घेऊन त्या बसक्या जागेकडे गेले. आम्ही मागोमाग. लहानूंनी कुदळीचा दांडा धरला. पाळीची माती एकदा कापली की पाणीच तिला पुढे कापत जातं आणि तासाभरात तलाव रिकामा होतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

"खाली दगड हाये," वारलूभाऊ म्हणाले.

"तू पाह्यला?"

"मी नाई. माह्या बापानंई नाई. आजा सांगून गेला, इथलं गवत वाढू देऊ नका, खाली दगड हाये."

"अन् नाई निंघाला तं?"

"तं तलाव गेला. पण तिकडं पाळ जाऊनच राह्यली न."

लहानूंनी दांडा सोडला.

तिसऱ्या घावाला कुदळ खणकन वाजली आणि दांडा मोडला. वारलूभाऊंनी हातांनी माती बाजूला केली. खाली काळा घडीव दगड होता. त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. मग सगळेच फावडी घेऊन भिडले. वीतभर माती निघाली आणि चाळीस हात लांबीची एक फरशी उघडी पडली.

पाणी तिच्यावर चढलं. आवाज नाही, उसळी नाही. चादर अंथरावी तसं ते एकसारखं पसरलं आणि पलीकडच्या खडकावरून जंगलातल्या नाल्यात उतरू लागलं; नाल्यातून खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बोडीतून उमा नदीकडे. दहा वाजेपर्यंत पाणी चार बोटं उतरलं होतं. पाळ राहिली. टोली राहिली.

पाऊस सरल्यावर मी गवंड्याची पातळी पाहायची पाण्याची नळी घेऊन ती फरशी मोजली. दोन टोकांत अर्ध्या बोटाचाही फरक नाही. पाळीच्या माथ्यापासून ती बरोबर पाऊण हात खाली. जन्मभर आकडे जुळवले, पण इतका जुळलेला हिशेब मी पाहिला नव्हता. ज्यांनी ती बसवली त्यांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. त्यांनी फक्त एका घराला गवत काढायला सांगितलं, आणि त्या घराने कारण न विचारता किती पिढ्या ते काढलं, हे मोजायला माझ्याकडे साधन नाही.

बोटुकली, म्हणजे तलावात सोडलेली माशांची बोटभर पिल्लं, सगळी खालच्या बोडीत गेली. त्या वर्षी कुठल्याच सभासदाला वाटा मिळाला नाही, वारलूभाऊंनाही नाही. जाळी ऑगस्टमध्ये काढली. पुढच्या जूनमध्ये लहानू स्वतः बांबू घेऊन त्यांच्या अंगणात गेले.

मोडलेल्या दांड्याच्या १२० रुपयांचं व्हाउचर मी केलं होतं. वारलूभाऊ सही करायला आले नाहीत. ते १२० रुपये संस्थेकडून त्यांना अजून देणं आहे.