दानम्माचं कातडी कवच

भवानी पेठेत दानम्मा शाळेचे गणवेश शिवते. लेक उत्कर्षा नोकरीला परगावी गेली, तेव्हा जाताना आपला कॉम्प्युटर आईजवळ ठेवून गेली आणि त्यात एक गेम घालून दिला. फोनवर 'जेवलीस का'च्या पुढं दोघींचं बोलणं सरकत नसे. त्यापेक्षा रविवारी बरोबर खेळू, असं तिचं म्हणणं.

गेम तलवारींचा, ड्रॅगनचा. लेव्हल वाढली की एक पॉइंट मिळतो. तो कुठल्या कौशल्यावर घालायचा ते आपण ठरवायचं. दानम्मानं आधी सगळीकडं एकेक वाटला. तलवारीला एक, जादूला एक, कुलपं उघडायला एक. मग साधे लांडगेसुद्धा तिला लोळवू लागले. कुठली तरी एकच वाट धर, असं लेकीनं समजावलं. ते तिला पटलं. तिनं नव्यानं सुरुवात केली आणि कातडीकाम धरलं.

त्यानंतर कित्येक रविवार ती लढाईला गेलीच नाही. गेममधल्या गावात बसून हरणाची कातडी कमवायची, पट्टे, हातमोजे, बूट करायचे. वस्तूगणिक हात सुधारायचा. उत्कर्षाच्या ऑफिसातला पृथ्वीराज आणि तिची मैत्रीण सोनमही त्यांच्याबरोबर खेळत. ते तिघं जड लोखंडी कवचात हिंडायचे.

शेवटी आग ओकणाऱ्या ड्रॅगनची गुहा आली. दानम्माकडं एक पॉइंट शिल्लक होता.

"अव्वा, लोखंडी कवचावर घाल," उत्कर्षा म्हणाली. "मार अर्धाच लागतो."

"लागल्यावर अर्धा ना? मला लागूनच घ्यायचा न्हाई."

तिनं तो पॉइंट हलक्या कातडी कवचावर घातला. आता कवच घालून कितीही पळलं तरी दम लागणार नव्हता. मग आगीत न जळणाऱ्या सरड्याच्या कातड्याचं तिनं एक कवच शिवलं. कातडं एकापुरतंच होतं. ते उत्कर्षाला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. लढायला तीच तरबेज.

"हे मी घालणार," दानम्मा म्हणाली. "पुढं मी जाते. तुमी मागनं हाणा."

ती ड्रॅगनभोवती पळत राहिली. आग तिच्यामागं वळायची आणि तिघं मागून वार करायचे. एकदा ती कोपऱ्यात सापडली, जीव चिमूटभर उरला. तेव्हा पृथ्वीराज ढाल घेऊन आडवा आला म्हणून ती वाचली. पुढच्या फेरीत ड्रॅगन कोसळला.

हेडफोनात उत्कर्षा हसायलाच लागली, थांबेचना. दानम्माला वाटलं, लेकीचं असं हसणं ऐकून किती दिवस झाले.

पुढच्या मोहिमेतही तुम्हीच पुढं राहा, असं पृथ्वीराज आणि सोनमनं सांगितलं. तिनं कबूल केलं, पण जून सोडून. शाळा उघडताना तिला मान वर करायला सवड नसते.

नवा पॉइंट तिनं कुणाला न विचारता धनुष्यावर घातला. उत्कर्षानं कारण विचारलं.

"बाण मारून बघायचाय मला," दानम्मा म्हणाली.