करुणाची मरियम

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच – तिला सांगितलं असतं तर तिनं मला दारातही उभं केलं नसतं. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अमरावतीच्या एका मिशनच्या शाळेत मी मराठी शिकवते. शाळा कॅथलिक, चालवणाऱ्या सिस्टर, मुलं सगळ्या घरांतली. दर डिसेंबरात शाळेचं वार्तापत्र निघतं. कोण पहिलं आलं, कोणती खोली नवी बांधली, कोण निवृत्त झालं, कोण देवाघरी गेलं – ते सगळं मी लिहिते. वर्षानुवर्षं मीच लिहिते आहे. माझी भाषा चांगली आहे म्हणतात.

यंदाच्या अंकात सिस्टर फिलोमिना गेल्याची बातमी आहे. आमच्या जुन्या मुख्याध्यापिका. मूळच्या केरळच्या, पण सारं आयुष्य वऱ्हाडात काढलेल्या. मराठी बोलताना त्या स्वतःलाही ‘मी आला, मी गेला’ म्हणायच्या आणि मुली तोंडावर हात धरून हसायच्या. त्यांच्यावर मी चार सुंदर परिच्छेद लिहिले. ते वाचून स्टाफरूममध्ये एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी – मी चहा घेत बसले होते.

कुठून सुरू करू? नाटकापासूनच करते.

नाताळच्या कार्यक्रमात येशूजन्माचं नाटक मी बसवायचे. एका वर्षी मरियमचं काम मी करुणाला दिलं. करुणा वानखडे, आठवीतली. वडील एसटीत कंडक्टर. बौद्ध घरातली मुलगी – हे इथं सांगावं लागतं, कारण पुढे जे झालं ते त्यावरूनच झालं. तिचा आवाज असा होता की शेवटच्या बाकावरचं पोरही गप्प होई. एका तालमीत ती वाक्य विसरली आणि देवदूताला सरळ म्हणाली, “मले भेव नाही वाटत.” सगळे हसले. माझ्या अंगावर मात्र काटा आला. मरियम अशीच म्हणाली असेल, असं वाटलं मला. हे मी तिला सांगितलं का? नाही. नुसतं म्हटलं, वाक्य पाठ कर.

मग पालक संघाच्या अध्यक्षांनी मला गाठलं. त्यांची मुलगीही नाटकात होती, मेंढपाळांच्या घोळक्यात. माणूस गोड बोलणारा. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मॅनेजर – आणि माझा नवरा त्याच कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी नवऱ्याची चौकशी केली, काम बरं चाललंय ना म्हणाले. मग म्हणाले, “टीचर, देवाच्या आईचं काम कोणालाही द्यायचं नसते.”

कोणालाही. मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. पुरतं कळलं.

त्यांनी धमकी दिली नव्हती, हेही खरं. मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. हे ‘कदाचित काहीच नाही’ मला फार छळतं.

दुसऱ्या दिवशी मी करुणाला बाजूला घेतलं. सांगितलं की मुख्याध्यापिका सिस्टर नको म्हणतात. तुझी भाषा शुद्ध नाही, ‘मले-तुले’ येतं मध्ये, मोठे पाहुणे येणार आहेत. सिस्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते नाव मी का घेतलं? कारण सिस्टरांना उलट विचारायला कोणी जाणार नाही, असं मला वाटलं.

आणि भाषेचं म्हणाल तर – मी अचलपूरची. आजही आईशी फोनवर ‘मले’ आणि ‘तुले’च बोलते.

करुणाचे वडील शाळेत आले. ड्युटी संपवून, खाकी कपड्यांतच. पोरगी घरात कोणाशी बोलत नव्हती. ते सरळ सिस्टरांच्या खोलीत गेले. मला तिथं बोलावलं गेलं. वडिलांनी आवाज न चढवता सिस्टरांना विचारलं, बोलण्यापायी माझ्या पोरीला तुम्ही काढलं का. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं. पालकांसमोर शिक्षिकेला खोटं पाडायचं नाही, हा त्यांचा नियम होता, तो त्यांनी तेव्हाही पाळला. त्यांनी हात जोडले आणि माफी मागितली.

ते म्हणाले, “माफी नोको, सिस्टर. आमच्या बोलण्यात खोट हाये, हे आमाले मालूम नव्हतं. आता झालं.”

ते गेल्यावर सिस्टरांनी मला विचारलं, “मी असं बोलला?” मी म्हटलं, “सिस्टर, तालमीत तुम्हीच नाही का म्हणालात, उच्चार बघा म्हणून?” त्या एकदा तसं म्हणाल्याही होत्या – सगळ्याच मुलांना, जाता जाता. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. माझ्यावर का ठेवू नये?

नाटक झालं. अध्यक्षांची मुलगी मरियम झाली, वाक्यं न चुकता म्हणाली. वार्तापत्रात मी लिहिलं – नाताळचा कार्यक्रम उत्साहात पार पडला. करुणानं त्या वर्षी पुन्हा वर्गात उभं राहून काही वाचलं नाही. जूनमध्ये ती दुसऱ्या शाळेत गेली. आज कुठे आहे, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

इथंच थांबता आलं असतं तर बरं होतं. पण खरी गोष्ट पुढे आहे.

सिस्टर थकल्यावर अकोल्याला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी राहायला गेल्या. गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. स्मरण गेलेलं होतं. माझं नावही त्यांना दोनदा सांगावं लागलं. मी शाळेच्या बातम्या सांगत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

“ती कंडक्टरची मुलगी,” त्या म्हणाल्या. “मी तिला नको म्हणाला. का म्हणाला, आठवत नाही. मी खूप आठवून बघतो. तिच्या घरी जायला पाहिजे होता मी.”

बघा – सगळं विसरलेल्या बाईला एवढं लक्षात होतं. न केलेलं पाप आठवायला ती रोज बसत होती. एक वाक्य पुरलं असतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. नवऱ्यानं तो कारखाना कधीच सोडला होता. मला कोणाची भीती होती?

मी त्यांच्या हातावर थोपटलं. म्हटलं, “जाऊ द्या, सिस्टर. होतं असं. देवानं तुम्हाला माफ केलं असेल.”

त्यांनी डोळे पुसले आणि माझे आभार मानले.

या महिन्यात त्या गेल्या. तिथल्या सिस्टरांनी फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत कोणा मुलीच्या घराचा पत्ता विचारत होत्या. मी वार्तापत्रात लिहिलं – सिस्टर फिलोमिना शांतपणे प्रभूच्या चरणी विसावल्या. अंक छापून आला आहे. घरोघरी गेलाही.