पेटीतले दोन व्होल्ट

आमच्या भागात त्या काळी काहीही बंद पडलं की दोष मोटारींचा. संत्र्याच्या बागांसाठी लाइन आली की साऱ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि गावातले दिवे पिवळे पडायचे. पांढुर्ण्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्या पिवळ्या दिव्यांच्या जिवावर स्टॅबिलायझर विकून मी पोट भरत होतो, त्यामुळे मोटारींबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी, रामाकोन्याला गेली होती. सातव्या महिन्यातच तिला सौंसरच्या एका खासगी दवाखान्यात न्यावं लागलं आणि मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटी त्यांनी नागपूरहून बनवून आणली होती. आत बल्ब, बाळाजवळ उष्णता जोखणारा मण्याएवढा सेन्सर, आणि त्या सेन्सरचा बारीकसा इशारा मोठा करून बल्ब चालू-बंद करणारं ॲम्प्लिफायरचं सर्किट.

मी बसने पोचलो तेव्हा बल्ब लागत होते आणि लगेच विझत होते. काच गार पडली होती.

"मोटारा सुरू झाल्या ना भाऊ," सिस्टर म्हणाली. "लाइनच नाही भेटून राहिली, तं पेटी काय करन?"

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नागपूरचा मिस्त्री उद्या येईल. तोवर हिला गारठा झेपायचा नाही. तुम्ही पाहता का?"

बायकोने पोरीला कापसात गुंडाळून छातीशी धरलं. मला काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. लोक नंतर म्हणाले, गडी खंबीर निघाला. खंबीर कसला! बधिर झालो होतो. हात तेवढे चालत होते.

मीही आधी मोटारींवरच घसरलो. बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून स्टॅबिलायझर उचलून आणला, खोलीच्या लाइनलाच लावला. खोलीतला दिवा पांढराशुभ्र झाला, पेटीतले बल्ब मात्र तसेच विझत राहिले. म्हणजे लाइनचा दोष नव्हता. या धंद्यातला असून मीसुद्धा गावासारखाच येडा ठरलो.

दुकानातून तसाच निघालो होतो, अवजारांची पिशवी खांद्यालाच होती. मग तिच्यातून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. सर्किटला वीज पुरवणाऱ्या डब्यातून बारा व्होल्ट निघत होते. सर्किटवरही बारा. पण बल्ब लागले रे लागले की डब्यात बारा आणि सर्किटवर दहा. बल्बही त्याच वायरवर होते; त्यांचा भार पडला की वाटेत कुठेतरी दोन व्होल्ट गळत होते. त्या उपाशी सर्किटला वाटायचं पेटी तापली, आणि ते बल्ब विझवून टाकायचं. विझले की पुन्हा बारा, जसं काही झालंच नाही.

डब्यापासून सर्किटपर्यंत वायर बोटांनी चाचपत गेलो. खाटेमागे, जमिनीलगत, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला एक जोड लागला. पेटी खिडकीपासून आत सरकवताना वायर पुरली नव्हती, म्हणून कोणीतरी नुसता पीळ देऊन वाढवली होती. आमच्याकडे विहिरीवरची केबल अशीच जोडतात. मोटारीच्या चारशेतले दोन व्होल्ट गेले तरी तिला पत्ता लागत नाही. इथे बारातले दोन गेले होते. पट्टी सोडली तर रोजच्या फरशी पुसण्याच्या पाण्याने आतलं तांबं हिरवं पडलेलं. ते कापून टाकलं, नवी तार घासून सोल्डर केली.

बल्ब लागले आणि लागून राहिले. सिस्टरने पोरीला पेटीत ठेवलं. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही जेवले काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच तयार झाली नव्हती. मी ऐकून घेतलं आणि मीटर काढला. कोणी अडवलं नाही. डब्यात बारा, सर्किटवर बारा, बल्ब लागलेले. जोड ओढून पाहिला, पक्का होता. सेन्सर तळहातात दाबून धरला, बल्ब विझले. सोडला, लागले. कुठेतरी दोष निघावा असं मला मनापासून वाटत होतं. दोष निघाला असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

"पेटी बंद पडली होती काय?" बायकोने विचारलं.

"नाही. चालूच हाये."

"मंग?"

मी मीटर खाली ठेवला. तिने पोरीला पेटीतून उचललं आणि माझ्या हातात दिलं. आल्यापासून मी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. ती गरम होती. चांगली गरम होती. मी तिला घेऊन तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो.