सलामीची नळी

बेंगळूरच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा आमची रेजिमेंट राजस्थानात होती. तिथलं ऊन असं, की आमच्या टँकच्या सावलीत बसायला उंट नंबर लावत. इंजिनच्या पत्र्यावर मी स्वतः अंडी तळलीत. एकदा तर तळायच्या आधीच अंड्यातून पिल्लू बाहेर आलं आणि तडक कुकहाउसच्या उलट दिशेला पळालं. आता निवृत्त होऊन मी बेंगळूरलाच जे. पी. नगरला राहतो; तिथे सोसायटीत हे सांगितलं की लोक माना डोलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत. ठीक आहे. ऊन होतं एवढं तरी धरून चला.

मी निपाणीकडचा. तेव्हा नायब रिसालदार होतो, टँक कमांडर. आमच्या टँकमध्ये तीनच माणसं मावतात. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, मी आणि माझा गनर लान्स दफेदार महिपाल. महिपाल जैसलमेरचा, दिवसातून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन चहासाठी. खाली पुढच्या कोठडीत, आडवा पडून टँक चालवणारा ड्रायव्हर, दफेदार एकोजी जगताप. हा देवनहळ्ळीचा. त्याचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्याच्या मराठीत निम्मं कन्नड. मी ओरडलो, "एकोजी, पळव!" की खालून उत्तर यायचं, "सरी साहेब, स्वल्प थांबा, म्हशीला झोपेतून उठवतोय." सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे थोडं. चाळीस टनांच्या टँकला तो म्हैस म्हणायचा. ती म्हैस त्याच्या हाताखाली नाचायची. टँकच्या पट्ट्याने त्याने एकदा काडेपेटी उघडली होती. काडी पेटवलीही असती, पण रेजिमेंटमध्ये सिगरेटला बंदी होती.

बेंगळूरला आम्हाला बोलावलं ते ट्रायलसाठी. आमच्या जुन्या टँकवर इथल्या इंजिनिअरांनी एक नवी दुर्बीण बसवली होती. धूर असो, धुकं असो, अंधार असो, समोरचं सगळं दिसायचं. दुर्बिणीचं काम बघणाऱ्या इंजिनिअर रम्या मॅडम एचएसआर लेआउटमधून रोज सकाळी यायच्या, टरेटमध्ये उतरायच्या आणि हातभर काळ्या होऊन बाहेर पडायच्या. दुर्बिणीचा इलेक्ट्रॉनिक डबा नेमका गनरच्या गुडघ्याजवळ बसला होता. तिथेच एक लहान चाक असतं. वीज गेली तर तोफेची नळी हाताने वरखाली करायचं चाक. डब्यामुळे ते पुरतं फिरत नव्हतं. पाव फेरी, की मूठ डब्यावर आपटायची.

"मॅडम, चक्का अटकता है," महिपाल म्हणाला. त्याचे त्या दिवसाचे चारही शब्द संपले.

"माहीत आहे भैया. हा फक्त नमुना आहे. पुढच्या मॉडेलमध्ये डबा वर जाईल," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. पुढच्या मॉडेलचं ड्रॉइंग मी स्वतः पाहिलं होतं.

इथे तुम्हा सिव्हिलियन मंडळींना एक गोष्ट सांगतो. टँक जन्माला आला तोच चिखलासाठी. युरोपातल्या पहिल्या महायुद्धात खंदक आणि चिखल ओलांडायला हे धूड बनवलं. त्यात आठ माणसं, मधोमध उघडं इंजिन, धूर इतका की माणसं बेशुद्ध पडत. वायरलेस नाही, म्हणून आत कबुतरं ठेवत आणि निरोप देऊन भोकातून सोडत. लोकांना ही माझी थाप वाटते. ही एकच गोष्ट मी बनवलेली नाही. आणि त्या पहिल्या टँकांपैकी कितीतरी गोळ्यांनी नाही, चिखलानेच गिळले. तेव्हापासून टँकमध्ये जे जे सुधारलं, आग विझवायची बाटली, पोटातलं चोरदार, दारूगोळ्याचा वेगळा कप्पा, ते आधी कोणीतरी आत मेल्यावर सुधारलं.

ट्रायल छान गेली. शेवटच्या दिवशी दिल्लीचे मोठे साहेब बघायला येणार होते. ट्रायलच्या मैदानाला लागून एक केरे होती. केरे म्हणजे तलाव, पण उन्हाळ्यात कोरडा पडलेला, वर तडे गेलेली पांढरी माती. तलावाच्या बांधावर शामियाना घातला. शेवटी टँकने कोरड्या तळातून शामियान्यासमोर यायचं आणि सलामी द्यायची, असा कार्यक्रम. टँकची सलामी म्हणजे चालता चालता तोफेची नळी खाली झुकवायची. रेजिमेंटची जुनी रीत आहे. घोडदळातला सवार भाला झुकवायचा, आम्ही नळी.

मी पायाने माती ठोकून पाहिली. महिपालने पाहिली. वाळवंटातली माणसं आम्ही, अशा तडकलेल्या पापडीवरून शेकडो वेळा टँक नेलेला.

"एकोजी, तुझं काय मत?"

"साहेब, या केरेत मी लहानपणी क्रिकेट खेळलोय. हे आमचं अंगण आहे. उन्हाळ्यात इथं कुत्र्याला चाटायला पाणी मिळत नव्हतं."

त्याचं बरोबर होतं. पण त्याचं अंगण जुनं होतं. आता पलीकडे शेतांच्या जागी लेआउट, म्हणजे नव्या वसाहती, झाल्या होत्या, उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं सांडपाणी बारा महिने गुपचूप त्या केरेत मुरत होतं. वर पापडी, खाली खीर. हे नंतर कळलं.

सकाळी साडेदहाला आम्ही निघालो. बांधावर साहेब लोकांच्या मागे गावकऱ्यांची गर्दी होती. त्यात एकोजीची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत, हातात चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा घेऊन उभी होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं.

ड्रायव्हरचं झाकण बंद होतं. नळी हलणार असली की ते बंदच ठेवायचं, हा नियम. दुर्बीण तपासायच्या वायरी त्याच्या पेरिस्कोपशेजारच्या खाचेतून आत घेतल्या होत्या आणि खाच चिंध्या कोंबून बुजवली होती.

रेडिओवर आवाज आला, "टायगर, शामियान्यासमोर सलामी. ओव्हर."

"टायगर, रॉजर. आउट."

मी महिपालला खूण केली. नळी झुकली. बांधावर टाळ्या वाजल्या. आणि म्हशीने पुढचे गुडघे टेकले.

दणका बसला नाही. नाक हळूच खाली गेलं, नमस्काराला वाकावं तसं. मला वाटलं एकोजी थट्टा करतोय. मग नळीचं टोक चिखलात शिरलेलं दिसलं.

"एकोजी, रिव्हर्स!"

इंजिन गर्जलं, पट्टे फिरले, आणि टँक आणखी रुतला. इंजिन बंद पडलं. इंटरकॉमवर एकोजीचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"साहेब, पाणी येतंय. वायरींच्या खाचेतून."

"किती?"

"आत्ता पायाशी. बॅटऱ्या भिजतील."

"झाकण उघड. बाहेर ये."

"उघडत नाही. नळी आडवी आलीय. स्वल्प वर घ्या."

आमच्या टँकमध्ये नळी झुकली की ड्रायव्हरच्या झाकणावर येते. वीतभर वर उचलली की झाकण मोकळं होतं. मी ओरडलो, "महिपाल, नली ऊपर!"

"पावर गयी, साब."

इंटरकॉम मेला होता. टरेटमधले दिवेही गेले. महिपालने हाताचं चाक धरलं. पाव फेरी, मूठ डब्यावर. मागे घ्यायचं, पुन्हा पाव फेरी. नळीचं टोक चिखलाने धरलेलं, चाक दगडासारखं. ड्रायव्हरच्या कोठडीतून आमच्याकडे यायचं तर आख्खा टरेट उलटा फिरवायला हवा, आणि पोटातलं चोरदार चिखलावर बसलेलं. एकच रस्ता होता, आणि तो नळीखाली होता.

खालून ठोका ऐकू आला. एकोजी पान्याने पत्र्यावर ठोकत होता. मी बुटाने ठोकून उत्तर दिलं. महिपालच्या बोटांची सालं निघाली होती, चाक रक्ताने निसटत होतं, त्याने गळ्यातला रुमाल हाताला गुंडाळला आणि पुन्हा धरलं. मी हातोडा घेऊन डब्यावर घातला. मॅडमच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर मी हातोडा घातला. डबा वाकला, तुटला नाही. चांगला बनवला होता.

मी वर चढलो, नळीवरून सरकत पुढे गेलो आणि झाकणावर पालथा पडलो. चिखल झाकणाच्या कडेला आला होता. हातांनी उपसत होतो, तेवढाच परत येत होता.

"एकोजी! नळी वर येतेय! आलीच!"

येत नव्हती. मी आयुष्यभर थापा मारल्या, त्या सगळ्यात ही मोठी. आतून ठोका आला. त्याने विश्वास ठेवला असावा.

बांधावरून माणसं धावत आली. लेआउटच्या कामावरचा जेसीबीवाला न सांगता मशीन घेऊन बांधाच्या कडेपर्यंत आला. रम्या मॅडम कंबरभर चिखलात दोर घेऊन उतरल्या, नळीला फास टाकला, पडल्या, उठल्या, पुन्हा टाकला. गावकऱ्यांनी दुसरा दोर धरला. अक्का डबा टाकून त्यांच्यात शिरली होती आणि ओढताना हाक मारत होती, "एकण्णा! एकण्णा, बारो! ये रे बाहेर!"

ठोके मंद झाले. मग दोन ठोक्यांत अंतर पडायला लागलं. मी प्रत्येक वेळी उत्तर देत होतो. एकदा मी ठोकलं आणि वाट पाहिली. पुन्हा ठोकलं.

जेसीबीने दोर ताणला. चिखलाने नळी सोडली तेव्हा आवाज झाला, आणि महिपालने आतून चाक फिरवलं. वीतभर नळी वर आली. झाकण मी बाहेरून उघडलं. कोठडी काठोकाठ भरली होती. मी खांद्यापर्यंत हात घातला. त्याचा हात झाकणाच्या मुठीवर होता. सोडवावा लागला.

चौकशी झाली. कोणी एकटा दोषी ठरला नाही आणि ते खरंच होतं. रम्या मॅडमनी डबा वर नेला, वायरींची वाट बदलली, चाक पूर्ण फिरतं की नाही हे प्रत्येक गाडीत स्वतःच्या हाताने बघितल्याशिवाय सही केली नाही. जुन्या डब्यावर माझ्या हातोड्याचा खड्डा आहे. तो डबा त्यांनी आपल्या टेबलावर ठेवलाय.

मी दरवर्षी बस पकडून देवनहळ्ळीला अक्काकडे जातो. ती पानात चित्रान्न वाढते आणि म्हणते, "सांगा अण्णा, एकण्णाचं सांगा. स्वल्प मोठं करून सांगा." मी काडेपेटीची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी त्याने काडेपेटी उघडली होती, पुढच्या वर्षी काडी पेटवली, गेल्या वर्षी त्या काडीवर त्याने ब्रिगेडियर साहेबांचा चहा केला. अक्का हसते, डोळे पुसते, आणखी वाढते. त्या दिवसाचं ती एकदाच विचारती झाली. तेव्हा मी काहीच मोठं करून सांगितलं नाही. तिनेही ताट सारलं नाही, माझ्याबरोबर जेवली.

शेवटी मी तिला आमच्या रेजिमेंटचं सांगतो, आणि यात माझी भर नाही. आता टँक हलण्याआधी गनर ते चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवतो. मूठ कुठे आपटली नाही, तर मोठ्याने हाक देतो, "एकोजी!" नवी पोरं त्याला मशीनचा शब्द समजतात. खाली ड्रायव्हर झाकण उघडून डोकं बाहेर काढतो. नळी त्याच्या डोक्याच्या वर असते.

आणि तो ओरडतो, "हाजिर!"