चेन-स्प्रॉकेट आणि लान्स नाईक तांडेल

आमची बटालियन उत्तरेकडच्या डोंगरात होती तेव्हा मी नाईक होतो आणि डीआरचं काम करत होतो. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर. हेडक्वार्टरची डाक, औषधं, लेखी ऑर्डर, जे काही पुढच्या पोस्टला, म्हणजे पुढच्या चौकीला, द्यायचं असेल ते मोटरसायकलवरून न्यायचं. आम्ही दोघे डीआर होतो. दुसरा लान्स नाईक जनार्दन तांडेल. मी साताऱ्याकडचा, तो नवी मुंबईतल्या करावे गावचा कोळी. मराठी बोलणारे तिथे आम्ही दोघेच. मी त्याला जनू म्हणायचो. तो मला गावाच्या नावाने हाक मारायचा, "सातारा".

दिवस ठरलेला असायचा. पीटी, नाश्ता, मग गाडीचं मेंटेनन्स. टायर, ब्रेक, ऑइल, चेन. सकाळची फेरी एकाची, दुपारची दुसऱ्याची. रस्ता एकेरी होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी आणि खाली नदी.

बर्फ सुटायचे दिवस होते. त्या सकाळी गाडी तपासताना माझ्या मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात एका बाजूला वाकलेले दिसले. चढावर जोर लावला की चेन दातावरून उडत होती. अशी गाडी त्या रस्त्यावर न्यायची नसते. मी एमटी हवालदाराला, म्हणजे गाड्या सांभाळणाऱ्या हवालदाराला, रिपोर्ट दिला. त्याने बोट फिरवून दात पाहिले आणि म्हणाला, "ऑफ रोड करो. आज ही बदलो." ऑफ रोड म्हणजे काम पुरं होईपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही. ऑर्डर बरोबर होती. त्याच्या जागी मी असतो तर हीच दिली असती.

दुपारी मागचं चाक बाहेर निघालं होतं आणि चेन रॉकेलच्या डब्याशेजारी पडली होती. तेवढ्यात सुभेदार साहेब शेडमध्ये आले. पुढच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली होती. वायरलेसवर नुसती खरखर होती. वरच्या नाल्यात बर्फ हलतंय, केव्हाही रस्त्यावर कोसळेल, अशी खबर आली होती आणि पोस्टवरून जवानांची एक पार्टी गाडीने खाली निघणार होती. त्यांना थांबवायचं होतं.

"दुपारची फेरी कुणाची?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

"माझी, साहेब."

"गाडीला किती वेळ?"

"एक तास."

"तास नाही आपल्याकडे."

जनू सकाळची फेरी करून आला होता आणि जेवत होता. त्याची गाडी तयार होती, आणि ज्याच्या नावावर गाडी त्यानेच ती न्यायची असा नियम होता. त्याने ताट खाली ठेवलं, हात धुतले, हेल्मेट घेतलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "चाक एकट्याने बसवू नको. मी आलोच."

तो वेळेत पोचला. पार्टी गाडीत बसलेली होती. जनूने ऑर्डर हातात दिली आणि ती माणसं उतरली. हे आम्हाला थोड्याच वेळात कळलं, कारण हवा जरा उघडली आणि वायरलेस लागला. ऑपरेटरच्या मागे आम्ही सगळे उभे होतो.

"मेसेज मिला. पार्टी रुक गयी. ओव्हर."

साहेबांनी लगेच सांगितलं, डीआरलाही तिथेच थांबवा.

"डीआर को रोको. ओव्हर."

मध्ये थोडी खरखर झाली.

"डीआर निकल गया. ओव्हर."

तोपर्यंत माझी गाडी तयार झाली होती. चाक मी एकट्यानेच बसवलं होतं. नव्या चेनवर मी सर्च पार्टीबरोबर निघालो. नाल्याच्या तोंडाशी रस्ता नव्हता, नुसता पांढरा उतार होता. आम्ही अंधार पडेपर्यंत खणलं. जनू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. पोस्टच्या हवालदाराने मला नंतर सांगितलं की त्यांनी त्याला चहाला थांबायला सांगितलं होतं. जोडीदार शेडमध्ये एकटा आहे, चाकाला दोन माणसं लागतात, असं म्हणून तो निघाला.

त्याच्या शवपेटीबरोबर करावेला मी आलो. फेरी माझी होती, माझी गाडी उघडी पडली होती, तो माझ्यासाठी घाईने परत फिरला, हे सगळं मी त्याच्या बायकोला, सुनंदा वहिनींना, तेव्हाच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांची मुलगी पूर्वा तीन वर्षांची होती. ती माझ्या बुटांच्या नाड्या सोडवत बसली होती.

पेन्शनवर आल्यावर मी नवी मुंबईजवळ नावड्याला फ्लॅट घेतला. दिवाळीला आणि जनूच्या पुण्यतिथीला करावेला जातो. पूर्वा आता पावणे गावच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंदा तिचा फोन आला.

"काका, पप्पांची बाइक काढलीय मी. इंजिन एकदम ओके आहे. पण चेन सटकते. तुम्ही येता का? गॅरेजवाल्याला नाही द्यायची मला."

जनूने सुट्टीत येऊन घेतलेली गाडी ती. तो गेल्यावर काही वर्षं त्याच्या भावाने चालवली, मग ती घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. रविवारी सकाळी मी पान्यांची पेटी घेऊन गेलो. चेन-स्प्रॉकेटचा नवा सेट पूर्वाने आणून ठेवला होता. ती चहा करायला आत गेली तशा वहिनी बाहेर आल्या.

"भावजी, तिला सांगा, गाडी काय सुदरनार नाय."

"का, वहिनी?"

"कामावर गाडीवरून जाते म्हनते. त्या ट्रकांच्या मदून. माजं ऐकत नाय. तुमचं ऐकंल."

मी चेन कव्हर काढून मागचा स्प्रॉकेट पाहिला. तेच वाकलेले दात. तासा-दीड तासाचं काम होतं.

"वहिनी, गाडी होईल. होणार नाही असं तिला सांगणं मला जमणार नाही. चालवू नको असं सांगायचं तर तसं सांगतो, समोर बसवून."

वहिनी गाडीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तवा तुमची गाडी उगडी पडली म्हनून ते गेले. ही उगडीच पडू द्या. कोनाचं काय जातंय?"

त्या आत गेल्या.

पूर्वा चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "आई बोलली ना?"

"बोलली. तिला भीती वाटते."

"मला माहितीये. मला पण वाटते. पण काका, मी मोठी झाले ती ह्या ताडपत्रीकडे बघत. पप्पा म्हणजे मला ही ताडपत्रीच. मला ती काढायचीय."

मी गाडी सेंटर स्टँडवर घेतली. चेनचं लॉक काढलं, एक्सलचा नट सोडला, चाक बाहेर घेतलं. स्प्रॉकेटचे नट गंजले होते, छिन्नीने लॉक वॉशर उलटवावे लागले. पुढचा लहान स्प्रॉकेटही बदलला. जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही. पूर्वाला समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला लावले. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवायचं, हेही दाखवलं. चाक बसवताना तिने ते खालून उचलून धरलं आणि मी एक्सल सरकवला. दोन माणसांनी ते काम पटकन होतं. चेनचा ढिलेपणा पाहिला, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, ब्रेक तपासला. पूर्वाने किक मारली.

तिने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. वहिनी दारात आल्या नाहीत. निघताना मी आत डोकावलो. त्या पाठमोऱ्या बसून कोळंबी सोलत होत्या. मी "येतो" म्हणालो. त्यांनी मान हलवली.

पूर्वा आता रोज गाडीने जाते. कारखान्यात पोचली की आईला फोन करते, मग मला. पुण्यतिथीला गेलो तेव्हा वहिनींनी ताट वाढलं, पण एरवी जनूबद्दल दोन गोष्टी निघतात तशा निघाल्या नाहीत. मी केलं ते बरोबर होतं की नाही, हे मला सांगता येत नाही. त्या दिवशी हवालदाराने दिलेली ऑर्डरही बरोबरच होती.

बटालियनच्या स्मारकावर लान्स नाईक जनार्दन तांडेल हे नाव आहे. गाडीतून उतरलेली ती माणसं आपापल्या गावी गेली, त्यातले दोघे-तिघे आजोबा झाले असतील. स्मारकावर नाव आणि नंबर एवढंच मावतं, म्हणून आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. त्या पोस्टिंगवर आम्ही एकाच ट्रकमधून पोचलो. जनूने त्याआधी बर्फ कधी पाहिलं नव्हतं. ट्रकमधून उडी मारून त्याने मूठभर बर्फ उचललं, तोंडात घातलं आणि जरा वेळ विचार करून मला म्हणाला, "सातारा, ह्याला मीठच नाय रे."