पातळ काठाचा शंख

तांदळाच्या दाण्याएवढा एक शंख सापडला आणि मी चार दिवस शास्त्रज्ञ होऊन बसलो. भिंगातून त्याची वेटोळी मोजली, शंखांचं पुस्तक पालथं घातलं. हा त्यात कुठेच नव्हता. म्हणजे जात नवी! तिला सुमनचं, माझ्या बायकोचं, नाव द्यायचंही मी ठरवून टाकलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. नको म्हणायला ती थोडीच येणार होती?

आज ओहोटीला खडकावर कालवं फोडणाऱ्या बाईंना मी तो ऐटीत दाखवला. त्यांनी काठाला नख लावलं, तर टवकाच उडाला.

"काका, पोर हाय हे!" त्यांनी खडकावरचा अंगठ्याएवढा शंख उचलून माझ्यापुढे धरला. "मोठा झाला की असा होतो. काठ बघा किती जाड! हे तर आम्ही कालवणात घालतो."

मोठ्याचं चित्र पुस्तकात पहिल्याच पानावर होतं.

शंखातला जीव रोज काठाला थोडी भर घालतो आणि पुरता वाढला की तो काठ जाड करतो. मी साठी ओलांडली, तरी माझा अजून नखानं मोडतो.

अशी फजिती झाली की मी तडक घर गाठायचो. सुमन ओले हात पदराला पुसत यायची, "आज काय केलंत?" म्हणायची आणि मी सांगण्याआधीच हसत सुटायची. आजची फजिती तर झकासच होती. मी झपाझप घरी आलो. दाराला कुलूप होतं. सकाळी मीच लावलेलं.