शहादेवाची कर्दळ

शहादेवाचं लिहायला आलाय म्हणता? आन् माहिती माझ्याकडं मागता? वा रे वा! गावात दुसरं कुणी घावलं न्हाई व्हय? बसा, च्या येतोय. पर एक आधी लिहून घ्या. चार वर्सांखाली माझ्या विहिरीतला गाळ मी सवता उभा राहून काढलता, म्हणून तिचं पाणी निवळलं. लिवलं? आता इचारा.

शहादेव म्हंजी आमच्या युसूफ वडगावच्या शिवेवरचा ऊसतोड्या. दसरा झाला की तो आन् मंजुळाबाई, नवराबायको, कोयता घेऊन टोळीसंगं कारखान्यावर. सहा महिने खोपीत. गावात जमीन वीस गुंठे, ती बी माझ्या रानाच्या खाली, चिबड, सदा पाणी धरून बसणारी. माझ्या उसाचं, कापसाचं पाणी युरिया-फवारणीसकट त्याच्या तुकड्यात उतरायचं, आन् तिथून पुढं माझ्याच जुन्या विहिरीकडं. त्याची ज्वारी पिवळी पडायची. आमी हसायचो.

कारखान्याच्या वसाहतीत त्यानं पाहिलं, सांडपाणी खडीतून आन् कर्दळीतून जातंय आन् निवळ होऊन बाहेर येतंय. तिथल्या माळ्याची पाठच सोडली न्हाई त्यानं, सारं इचारून घेतलं. चार वर्सांखाली गावी आला आन् कुदळ मारली. आधी गाळ बसायला एक खड्डा. मग उथळ नागमोडी चर, पाणी सावकाश जावं म्हणून. त्यात खडी, वाळू, वर कर्दळ आन् पाणकणीस. शेवटाला लहान तळं. मंजुळाबाईनं पाट्या वाहिल्या. मी बांधावरून म्हणलो, "कावून रे शहादेव, ज्वारी सोडून गवत लावतोस?" तो हसून म्हणला, "अप्पा, तुमच्या रानाचं खत हाय, गवताला लई मानवतं." मला झोंबलं.

आन् ते गवत वाढलं की हो! कर्दळ पुरुषभर झाली. तळ्याचा तळ दिसाया लागला. पाणकोंबड्या आल्या, शाळेची पोरं आली, तालुक्याचे साहेब आले, फोटो काढले. माझ्या तीस एकराकडं पाठ करून! मला सांगा, पाणी कुणाचं? माझं. खत कुणाचं? माझं. आन् नाव शहादेवाचं. पोटात आग पडायची, खोटं कशाला सांगू. भाकर गोड लागंना.

तरी गिळत होतो. पर यंदा पारावर गावातला बिभीषण बोलला, "पोळ्याला बैल शहादेवाच्या तळ्यावर न्यायचे का?" तुमाला ठावं नसंल म्हणून सांगतो. पोळ्याला गावचे समदे बैल आमच्या त्याच जुन्या विहिरीच्या हौदावर पाणी पितात. आधी माझी मानाची जोडी, मग बाकीचे, आन् मग तोरणाखाली. आज्यापासून चालत आलंय. तो मान ऊसतोड्याच्या डबक्याला द्यायचा?

मी जेसीबी बोलावला. माझ्या बांधापासून सरळ चर पाडला, शहादेवाच्या तुकड्याला वगळून थेट खाली. पाणीच देत न्हाई म्हणलं, वाळू दे त्याची कर्दळ. वनमाला, आमची मंडळी, म्हणली, "अवो, मग ते पाणी जाईल कुठं?" मी म्हणलो, "तू चुलीकडं बघ."

कुठं जाईल! माझ्या विहिरीत. दोन मोठे पाऊस झाले, मग उघडीप पडली. वनमाला सांगत होती, पाण्याला वास येतोय. मी म्हणलो, पावसाचं गढूळ हाय, निवळंल.

पोळ्याला शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, हलग्या वाजतायत, सारं गाव हौदाभोवती. मोटर चालू केली. हौदात हिरवट पाणी पडलं, वर फेस. माझ्या जोडीतल्या पवळ्यानं तोंड खाली नेलं, फुरफुरला आन् मान फिरवली. चुचकारलं, कासरा ओढला. न्हाई म्हंजी न्हाई. हलगी थांबली. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेवढ्यात शहादेव पुढं आला. वाटलं, आता हा उट्टं काढतो. तर म्हणला, "अप्पा, तळ्यात पाणी हाय अजून. मानाची जोडी तुमची. तुमी पाजल्याबिगर आमी आमचे पाजत न्हाई."

सारं गाव थांबलेलं. मी कासरा धरून निघालो, माझाच चर ओलांडून. कडंची कर्दळ पिवळी पडलेली. पवळ्यानं तळ्याला तोंड लावलं ते पोट भरस्तोवर काढलं न्हाई. मंजुळाबाईनं माझ्या जोडीच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. चराबद्दल दोघांचा एक सबूद न्हाई. शिव्या घातल्या असत्या तर मला परवडलं असतं.

दुसऱ्या दिशी मी फावडं घेतलं आन् चर बुजवाया लागलो. जेसीबी न्हाई बोलावला. थोड्या वेळानं शहादेव आला, त्याचं फावडं घेऊन, आन् पल्याडच्या टोकापासून माती ओढाया लागला. विहीर निवळतीय आता, हळूहळू.

जळतो का म्हणून इचारता? जळतो की! आज बी जळतो. साहेब त्याच्याकडं येतात, तुमी बी त्याच्यासाठीच आलाय. घ्या, च्या घ्या, गार होतोय. आन् मगाशी ते गाळाचं लिहून घेतलं न्हवं का? ते खोडा.